सायफायवरून एवढी भांडणं का होतात?

इंटरस्टेलर हा सायफाय, म्हणजे विज्ञानकथेचा, पिक्चर कसा वाटला असं पुण्यात कुठल्याही ग्रुपमध्ये विचारून बघा, दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते असा पिक्चर पुन्हा होणे नाही, दुसरी म्हणते पहिले दोन तास कडक आणि मग शेवटी ते प्रेमबिम आणून पार वाट लावली. दोन्हीकडची माणसं हुशार असतात, दोघांनी पिक्चर नीट बघितलेला असतो, बऱ्याच जणांनी तर फेब्रुवारी २०२५ मध्ये तो भारतात आयमॅक्सला परत लागला तेव्हा पुन्हा पैसे घालून बघितलेला असतो, आणि तरी वाद शेवटी 'अरे तुला कळलाच नाही' इथेच येऊन थांबतो. मला हे वाक्य मनापासून खटकतं. कळलेलं दोघांनाही असतं, पण एक जण एका प्रश्नाचं उत्तर देत असतो, दुसरा भलत्याच प्रश्नाचं, आणि प्रश्न नेमका कुठला चाललाय हे कोणी बोलतच नाही.

म्हणजे बघा, सायफाय बघताना डोक्यात तीन प्रश्न एकदम चालू असतात. हे विज्ञान खरं आहे का. या गोष्टीने स्वतःचे जे नियम सांगितले ते ती स्वतः पाळतेय का. आणि बघताना मला आतून काही वाटलं का. साध्या घरगुती गोष्टीच्या पिक्चरला पहिला प्रश्न जवळजवळ नसतोच, सायफायला तिन्ही असतात, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात वेगवेगळ्याला जास्त वजन देतो. (पुढे इंटरस्टेलर आणि एंडगेमच्या शेवटाबद्दल बोललोय, ज्यांचे बघायचे राहिलेत त्यांनी ते भाग सोडून वाचा.)

सगळ्यात जास्त आवाज होतो तो पहिल्या प्रश्नावर, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. इंटरस्टेलरमध्ये एक पाण्याचा ग्रह आहे, तिथे एक तास काढला की पृथ्वीवर सात वर्षं जातात. माझ्या आत्तेभावाने हे ऐकल्या ऐकल्या हात झटकले, 'काहीही दाखवतात'. पण हे काहीही नाहीये. गुरुत्वाकर्षण जितकं जोरदार तितकं तिथलं घड्याळ हळू चालतं, हे आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतातून येतं, आणि तुमच्या फोनमधला मॅप रोज हाच हिशोब धरून चालतो, कारण जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात आणि ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात जागा दहाएक किलोमीटरने चुकेल. फरक आहे तो प्रमाणाचा. तासाला सात वर्षं म्हणजे काळ जवळजवळ ६१ हजार पट मंद, आणि एवढं होण्यासाठी तो ग्रह ज्या कृष्णविवराजवळ आहे (प्रकाशही सुटू शकत नाही इतकं जोरदार गुरुत्वाकर्षण असलेली वस्तू), ते अवाढव्य तर हवंच पण स्वतःभोवती शक्य तेवढ्या कमाल वेगाच्या अगदी काठावर फिरणारं हवं. पिक्चरचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न, ज्यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, त्यांनाही हा आकडा आधी अशक्य वाटला होता, मग बसून गणित केलं तेव्हा लक्षात आलं की नियमात बसतंय, फक्त अगदी कडेकडेने बसतंय.

आता याच पिक्चरचं दुसरं टोक बघा. त्यातलं कृष्णविवर दिसायला आजवरच्या पडद्यावरच्या कृष्णविवरांपेक्षा कितीतरी खरं आहे, थॉर्न यांच्या समीकरणांवरून प्रकाश कसा वाकेल हे खरोखर कॉम्प्युटरवर मोजून काढलं होतं. पण खऱ्या कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तापलेल्या वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू जास्त झगझगीत दिसायला हवी आणि लांब जाणारी अंधुक, ते मात्र त्यांनी मुद्दाम काढून टाकलं, नाहीतर प्रेक्षक गोंधळले असते. एप्रिल २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा खरा फोटो आला त्यात एक बाजू जास्त उजळ होतीच. म्हणजे 'सगळ्यात अचूक कृष्णविवर' म्हणणारा बरोबर आणि 'त्यातही फेरफार केलाय' म्हणणाराही बरोबर, दोघांनी भांडायचं काही कारणच नाही.

आणि शेवटाचं काय? हीरो कृष्णविवरात शिरतो आणि मुलीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या शेल्फमागून तिला निरोप पाठवतो, ते प्रकरण. तिथे मला आवर्जून सांगायचंय की 'प्रेमाने जग वाचवलं' ही तक्रार पिक्चर जे दाखवतो त्याला धरून नाही. प्रेमाबद्दल पात्रं बोलतात, ते त्यांचं मत आहे, पण निरोप जो जातो तो गुरुत्वाकर्षणातून जातो, घड्याळाच्या काट्यातून, आणि गुरुत्वाकर्षण काळ ओलांडू शकतं हा नियम पिक्चरने आधीच सांगून ठेवलेला आहे. कृष्णविवराच्या आत खरं काय असतं हे कोणालाच माहीत नाही त्यामुळे तिथे कल्पना लढवायची मोकळीक आहे. म्हणजे माझ्या मते दुसऱ्या प्रश्नात पिक्चर पास आहे. पण एखाद्याला ते प्रेमावरचं भाषण जड वाटलं, ओढूनताणून वाटलं, तर तो तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतोय आणि तिथे मी कितीही फिजिक्स सांगितलं तरी त्याला काय वाटलं ते बदलणार नाही, बदलावं असंही नाही.

विज्ञानाची चूक म्हटली तरी सगळ्या चुका एका जातीच्या नसतात हेही लोक विसरतात. द मार्शियन घ्या, २०१५ चा. सुरुवातीला मंगळावर एवढं वादळ येतं की यान कलंडायची वेळ येते आणि हीरो मागे राहतो. मंगळावरची हवा इतकी विरळ आहे, दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी, की तिथला ताशी १०० किलोमीटरचा वारा तुम्हाला ढकलेल तो साधारण इथल्या तेरा-चौदा किलोमीटरच्या वाऱ्याएवढा, म्हणजे संध्याकाळी वेताळ टेकडीवर जो वारा सुटतो तोसुद्धा कधीकधी याहून जोरात असेल. लेखक अँडी वीअर यांना हे पक्कं माहीत होतं, माणूस एकटा अडकायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी जाणूनबुजून ठेवलं. पण त्या एका सवलतीच्या बदल्यात पुढची जवळजवळ सगळी गोष्ट हिशोबाने चालते, किती बटाटे, किती कॅलरी, किती दिवस, यानाचा मार्ग सुद्धा त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून काढला होता. मला ही चूक चालते. गोष्ट सुरू करायला एक नियम मोडला आणि मग हीरोला त्या मोडलेल्या नियमाचा काही फायदा दिला नाही, उलट अडचणच दिली, तर ते लबाडी नाही. लबाडी म्हणजे हीरो अडकल्यावर त्याला सोडवायला नियम मोडणं.

ग्रॅव्हिटीचं, २०१३ च्या, प्रकरण म्हणूनच अवघड आहे. त्यात अंतराळवीर हबल दुर्बिणीपासून आधी स्पेस स्टेशनकडे जातात, साध्या पाठीवरच्या जेटपॅकवर. खऱ्यात हबल साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर उंचीवर होती आणि स्टेशन चारशेच्या आसपास, तेवढंच असतं तर सोडून दिलं असतं, पण दोघांच्या कक्षा वेगळ्या कोनात तिरप्या आहेत, एक विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशात आणि दुसरी साडेएक्कावन्न, आणि कक्षेचा हा तिरपेपणा बदलायचा म्हणजे सेकंदाला साधारण तीन किलोमीटर एवढा वेग द्यावा लागतो, ते काम मोठ्या रॉकेटचं आहे. आमच्या सोसायटीतले एक काका आयुष्यभर फिजिक्स शिकवून रिटायर झाले, ते म्हणतात मला तो पिक्चर बघवतच नाही. त्यांची सून म्हणते बाबा, मी दीड तास श्वास धरून बसले होते. सात ऑस्कर मिळाले त्याला आणि ते उगाच नाही मिळाले, अंतराळात आवाज नाही ही गोष्ट इतक्या ताकदीने वापरलेला पिक्चर क्वचितच सापडेल, स्फोट होतात आणि स्फोटाचा आवाज नाही, फक्त संगीत आणि नायिकेचा श्वास. काकांचं जे बिनसतं ते खरं आहे आणि सुनेची जी भीती आहे तीही खरी आहे.

प्रत्येकाची सहन करायची रेघ त्याच्या स्वतःच्या माहितीपाशी आखलेली असते. हिंजवडीतली आयटीची मंडळी कृष्णविवरावर काही बोलत नाहीत, पण कोणी पंधरा सेकंद कीबोर्ड बडवून सरकारी सर्व्हर हॅक केला की उसळतात. डॉक्टर लोकांना दोन महिन्यांच्या झोपेतून उठून लगेच पळणारा अंतराळवीर बघवत नाही. म्हणून 'एवढं काय त्यात, पिक्चर आहे' असं त्यांना ऐकवू नये, त्यांना ते दिसतंच, न दिसल्यासारखं करता येत नाही.

आता दुसरा प्रश्न, स्वतःचे नियम. माझ्या मते हाच खरा निकष आहे आणि टाइम ट्रॅव्हलमध्ये तो सगळ्यात चांगला दिसतो. साधारण तीन प्रकार असतात. एकात भूतकाळ बदलतच नाही, तुम्ही मागे जाऊन जे कराल ते आधीच झालेलं असतं, किंबहुना तुम्ही गेलात म्हणूनच झालेलं असतं. दुसऱ्यात बदलतो, आईवडिलांची भेट झाली नाही तर फोटोतून मुलगा पुसट होत जातो, बॅक टू द फ्युचरमध्ये होतं तसं. तिसऱ्यात मागे जाऊन काही बदललं की तिथून एक वेगळी फांदी फुटते आणि तुमचं मूळ जग तसंच राहतं. तिन्हीपैकी कुठलाही घ्या, काही हरकत नाही, पण एक घेतला की तोच धरायचा.

अ‍ॅव्हेंजर्स एंडगेम, २०१९, त्यात तिसरा प्रकार चक्क समजावून सांगितलाय, भूतकाळ बदलल्याने तुमचा भविष्यकाळ बदलत नाही म्हणून. आणि मग शेवटी भूतकाळात गेलेला कॅप्टन अमेरिका म्हातारा होऊन बाकावर बसलेला दिसतो. तो दुसऱ्या फांदीवर आयुष्य काढून परत आला, की याच जगात सगळी वर्षं गुपचूप राहत होता? दिग्दर्शक रूसो बंधू म्हणाले दुसऱ्या फांदीवर, पटकथा लिहिणारे मार्कस आणि मॅकफीली म्हणाले याच जगात. म्हणजे ज्यांनी केला त्यांचंच एकमत नाही, मग कट्ट्यावर दोन मतं पडली तर त्यात कोणाचा मूर्खपणा काय? डार्क ही जर्मन सिरीज, २०१७ ते २०२० तीन सीझन, तिचे चाहते वहीत वंशावळी काढून बघायचे इतकी ती पहिल्या प्रकाराला घट्ट धरून होती, आणि तिसऱ्या सीझनला त्या नियमाला एक पळवाट सापडते. काही जणांना तो शेवट रडवून गेला, काही म्हणाले दोन सीझन शिकवलेलं सगळं पुसलं. मी दुसऱ्या बाजूचा, पळवाट होती तर तिची चाहूल आधी लागायला हवी होती असं मला वाटतं, पण ज्यांना रडू आलं त्यांच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे, पात्रांशी त्या सिरीजने कधीच दगाबाजी केली नाही.

याशिवाय एक साधी अडचण असते जी कोणी तपासतच नाही. आपण एकच गोष्ट बघितलीय का? ब्लेड रनर १९८२ मध्ये आला तेव्हा स्टुडिओने त्यात हीरोच्या आवाजातलं निवेदन आणि गोडसा शेवट घातला होता, १९९२ च्या आवृत्तीत ते दोन्ही गेलं, २००७ मध्ये दिग्दर्शकाची अंतिम आवृत्ती आली. एकाने जुनी बघितली आणि दुसऱ्याने शेवटची तर ते दोघं जवळजवळ वेगळ्या पिक्चरवर बोलतायत. कुब्रिकचा २००१ अ स्पेस ओडिसी १९६८ मध्ये पहिल्यांदा दाखवला तेव्हा लोक उठून गेले होते, त्यांनी लगेच साधारण १९ मिनिटं कापली. पहिली पंचवीसेक मिनिटं त्यात एक संवाद नाही. तो मोठ्या पडद्यावर अंधारात बघणं आणि रात्री अकराला मोबाइलवर, मध्ये मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बघत बघणं यात अनुभव वेगळाच होतो, 'स्लो आहे' म्हणणाऱ्याला आधी कशावर बघितलास हे विचारावं. डबिंगचंही तेच, डार्क जर्मनमध्ये सबटायटल्स लावून न बघता डबमध्ये बघितली तर निम्मी कुजबुज आणि भीती हरवते.

आणि आपण मराठी माणसं घरून काय घेऊन येतो हाही भाग आहे. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ मध्ये उभी करणारे जयंत नारळीकर, यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने गोष्ट पाठवली होती, आणि गोष्टीचं नाव होतं कृष्णविवर. बक्षीस तिलाच मिळालं. म्हणजे इंटरस्टेलरच्या चाळीस वर्षं आधी मराठी वाचक कृष्णविवरावरची गोष्ट वाचत होता. आमच्या आधीच्या पिढीत नारळीकर वाचलेले अनेक जण भेटतात, त्यांना विज्ञानकथेत विज्ञानाची कल्पना हीच नायक लागते, मारामारी आली की ते कंटाळतात. उलट २०२४ चा कल्की २८९८ एडी बघून कोणाला अश्वत्थाम्याने भारावून टाकलं तर त्याला आपण 'ही सायफाय नाहीच' म्हणून गप्प करतो. मला तो पिक्चर पूर्ण जमलाय असं वाटत नाही, पुराण आणि भविष्य यांचा सांधा बऱ्याच जागी नुसता चिकटवलेला दिसतो, पण महाभारत मनात घेऊन बसलेल्या माणसाला जे दिसलं ते परदेशी समीक्षकाला दिसणार नव्हतं, आणि ते दिसणं खोटं नाही.

आता आकड्यांबद्दल, कारण वाद पेटला की कोणीतरी रॉटन टोमॅटोज या रेटिंगच्या साइटचा स्क्रीनशॉट टाकतं आणि विषय संपला असं समजतं. तिथला समीक्षकांचा टक्का म्हणजे पिक्चरला मिळालेले सरासरी मार्क नव्हेत. तो शाळेच्या निकालातला 'किती टक्के पोरं पास' असा आकडा आहे. समजा शंभर समीक्षकांनी एका पिक्चरला दहापैकी सहा दिले, सगळे म्हणाले बरा आहे, तर तो १०० टक्के. दुसऱ्याला सत्तर जणांनी दहापैकी दहा दिले आणि तीस जणांनी चार, तर तो ७० टक्के, आणि त्याची सरासरी ८.२ येते, पहिल्याची फक्त ६. सायफायमध्ये धाडसी पिक्चर बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे असतात, लोकांना वेड लावतात किंवा डोक्यात जातात, आणि टक्क्यात मार खातात.

शिवाय मत कोण देतं? ज्याला 'ठीक होता' वाटला तो घरी येऊन जेवून झोपतो, रेटिंग द्यायला बसतो तो खूप खूश झालेला किंवा खूप चिडलेला. सिरीजमध्ये तर आणखी एक होतं, पहिला सीझन न आवडलेले लोक दुसऱ्याला येतच नाहीत, म्हणून पुढच्या सीझनचे आकडे आपोआप फुगू शकतात आणि आपण म्हणतो पुढे भारी होत गेली. स्टार वॉर्सचा द लास्ट जेडाय, २०१७, समीक्षकांकडे नव्वदच्या वर आणि प्रेक्षकांकडे पन्नासच्या खाली. काही जण ठरवून खाली ओढायला आले होते असं म्हणतात, काही खरंच दुखावलेले चाहते होते, एका आकड्यात ते वेगळे काढता येत नाहीत. २०१९ मध्ये त्या साइटने पिक्चर लागायच्या आधीच्या प्रतिक्रिया बंद केल्या आणि तिकीट काढल्याची खात्री झालेल्यांचा वेगळा आकडा सुरू केला, ते याच त्रासातून.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर थ्री बॉडी प्रॉब्लेम घ्या. लिऊ त्सीशिन यांची चिनी कादंबरी, २००८ मध्ये पुस्तक आलं, तिच्या दोन सिरीज निघाल्या, चीनमध्ये टेन्सेंट कंपनीची २०२३ ची, ३० एपिसोडची, आणि नेटफ्लिक्सची मार्च २०२४ ची, ८ एपिसोडची. चिनी सिरीज पुस्तकाला जवळजवळ ओळीओळीने धरून जाते पण माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीतला हिंसाचार तिने सौम्य केला. नेटफ्लिक्सने तोच प्रसंग थेट पहिल्याच सीनला ठेवला, पण पुस्तकमालेतल्या वेगवेगळ्या पात्रांच्या जागी ऑक्सफर्डचे पाच मित्र आणले. मग एक म्हणतो मूळ गोष्टीचं वाटोळं केलं, दुसरा म्हणतो मला पहिल्यांदा त्यातली माणसं कळली. विज्ञानाचं म्हणाल तर तीन तारे एकमेकांभोवती फिरायला लागले की पुढे कुठे जातील हे सांगणारं सर्वसाधारण सूत्र नाही, हे अगदी खरं, पण गोष्ट ज्या अल्फा सेंटॉरी या तीन ताऱ्यांच्या समूहावर बेतलीय तिथला तिसरा तारा प्रॉक्सिमा बाकीच्या दोघांपासून इतका लांब आहे की त्यांचं सगळं तसं शिस्तीत चालतं, गोष्टीतला गोंधळ तिथे नाही. ही चूक मला अजिबात खटकत नाही, कारण एकदा तो गोंधळ धरला की तिथले परग्रहवासी का घाबरलेत, का पृथ्वीकडे निघालेत, सगळं त्यातूनच येतं.

कोणती बघू असं विचाराल तर ज्याला कल्पनेत मुरायचंय, कोडं हळूहळू सुटलेलं आवडतं आणि महिनाभर रोज एक एपिसोड बघायची तयारी आहे त्याने चिनी बघावी. शनिवार-रविवारात घरच्यांबरोबर संपवायची असेल तर नेटफ्लिक्सची, फक्त लहान मुलं झोपल्यावर लावा, पहिल्या एपिसोडची सुरुवात आणि पाचव्यातला जहाजाचा सीन, दोन्ही खरंच अंगावर येतात.